खिळ्यावरचा बेल्ट

संध्याकाळच्या कीर्तनाला निघालो होतो. वाटेत चाक पंक्चर झालं, म्हणून जव्हारच्या एका गॅरेजात बाकावर बसलो. एक बाई येऊन मेकॅनिकसमोर उभ्या राहिल्या.

"कमलेश, माझ्या स्कूटीचा बेल्ट आला का?"

"नाही ना, जयवंतीवहिनी. नाशिकवरूनच माल येत नाही."

"गेल्या महिन्यातही हेच म्हणालास. सूर्यमाळला शिकवायला जायचं तर सकाळची एसटी नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण तुटलेल्या बेल्टवर गाडी कशी देऊ? नुसती घरघरेल, चाक हलायचं नाही."

"मग तो खिळ्यावर टांगलाय तो नवा कोणाचा?"

"तो होय... दुसऱ्या गिऱ्हाईकाचा."

"त्यावर खडूने माझ्या गाडीचा नंबर आहे."

"वहिनी, रागावू नका. उमेशदादाच सांगून गेले, बेल्ट आला नाही असंच सांगत जा."

"माझा नवरा? का म्हणे?"

"गाडी बंद राहिली की जयवंती घरी राहील, म्हणाले. आईजवळ कोणीतरी पाहिजे."

"आईजवळ! काल शिडी लावून पत्र्यावर चढली होती सासू, नागली वाळत घालायला."

"आता मी काय बोलणार?"

"आणि हे रोज माझ्यासमोर हळहळतात. कमलेशने फार लटकवलं गं तुला, म्हणतात."

"बसवू का? तासाभरात होईल."

"बसव. शाळेने कालच माझ्या जागी दुसऱ्या बाई नेमल्या."

"मग आता घाई कसली?"

"जामसरला जायचंय, माहेरी. कपडे आणलेत बरोबर. हे विचारायला आले, तर सांगशील ना?"

"काय सांगू?"

"बेल्ट अजून आला नाही."