पंधरा किलोची दोरी

नाही, ते वरचं सोनेरी रीळ नका मागू — दिसायला नवरदेवासारखं आहे, पण तुमच्या बोटीला काय करायचंय त्याचं? केवढी म्हणालात बोट, चौदा फूट? आणि जाणार एकटे? मग ऐका. किनारा मागे पडला की बोट हळू घ्यायची, पळणाऱ्या माणसाएवढी, आणि मागे दोनच गळ सोडायचे — एक जवळ, एक लांब, म्हणजे वळताना गुंतत नाहीत. चार-चार सोडणारे शहाणे पाहिलेत मी, निम्मा दिवस गुंता सोडवण्यात जातो त्यांचा. काठ्या या आखूड घ्या. आमिषाला हा निळा खोटा मासा, आणि हा गुलाबी — गुलाबीच का? ते माशांना विचारा, मी फक्त विकते.

आणि दोरी ही, पंधरा किलोची. म्हणजे पंधरा किलोचा ओढा बसेपर्यंत टिकते, वर गेला की तुटते. हसताय ना? चाळीसची हवी — सगळ्यांना चाळीसचीच हवी असते. मोठा मासा लागला तर ही तुटेल म्हणता? तुटू दे की! तुटायलाच हवी. छोट्या बोटीत बोटीच्या आधी दोरी तुटली पाहिजे, असं आमचे हे सांगायचे प्रत्येकाला. फोटोत आहेत ते. हो, गेले. चौदा महिने झाले.

यांची रीत सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल. लागलेला मासा झेपत नाही असं वाटलं, की रिळाचा ब्रेक पूर्ण आवळायचा. दोरी पुढे सुटत नाही, ताण येतो आणि ती तटकन तुटते. मासा त्याच्या वाटेनं, आपण आपल्या. सुरी शोधायला नको, मागच्या कडेवर ओणवं व्हायला नको. असे किती मासे सोडले यांनी! आणि मी — माझी जीभ काही गप्प बसायची नाही. गिऱ्हाइकांसमोर मी म्हणायचे, गळ विकणाऱ्याच्याच घरी मासा येत नाही बघा. हे हसायचे, सगळे हसायचे. पण एका दुपारी रिकामे आले आणि हसले नाहीत. जेवायला बसले, ताटाकडे बघत राहिले. म्हणाले, आजचा फार मोठा होता गं. एवढंच.

मला वाईट वाटलं हो. वाटणार नाही का? बायको ना मी यांची. हे दुपारचे झोपले होते, मी इथेच, या स्टुलावर बसले आणि — चाळीसचीही निळीच येते, हे बघा, शेजारी धरली तरी पटकन कळत नाही. शेवटचा वावभर, दोन हात पसरल्याएवढा तुकडा तसाही जाडच असतो, दात लागून तुटू नये म्हणून, आणि हात लागतो तो त्यालाच. आमिषं बांधायचं काम कायम माझंच. मग मागची दोरी कोण बघतंय? मोठा मासा घेऊन येतील, तेव्हा सांगायचं ठरवलं होतं मी. येताना यांचा चेहरा कसा असेल, तेही ठरवून ठेवलं होतं.

हे परतलेच नाहीत. बोट तिसऱ्या दिवशी सापडली, पाण्यानं काठोकाठ भरलेली. हे सापडले त्याच्या आदल्या दिवशी. बोट ओढून आणली यांच्या धाकट्या भावानं — इथं शेजारीच इंजिनं दुरुस्त करतात ते. काठी खोबणीत तशीच होती. ब्रेक शेवटपर्यंत आवळलेला, दोरी चाळीसची, शाबूत, खाली कुठेतरी खेचलेली. भाऊजींना काय, बघताक्षणीच कळलं. म्हणजे त्यांना वाटलं, कळलं. म्हणाले, दादाला शेवटी हाव सुटली, वहिनी. जगाला सांगायचा पंधराची, आणि स्वतः लावली चाळीसची, वर ब्रेकही आवळला, मासा जाऊ नये म्हणून.

जाऊ नये म्हणून नाही हो. जावा म्हणून! हे मासा सोडत होते. नेहमीसारखा ब्रेक आवळला आणि वाट बघत बसले असतील, आता तुटेल, आता तुटेल — आणि मागची कड खाली जात राहिली. मी भरलेली दोरी ती. मी.

आता धक्क्यावर नव्या माणसांना यांची गोष्ट सांगतात. हाव कशी नडते बघा, म्हणून. आणि हे या माणसाबद्दल, ज्यानं आयुष्यात एक मासा हावेपायी धरून ठेवला नाही! भाऊजींनी तर मोठ्या भावाचं नाव घेणंच सोडलंय. आणि मी इथे बसून चौदा महिने ऐकतेय. मान खाली घालून दोऱ्या मोजून देते. कुणाला बोलले नाही. तुम्हाला का सांगितलं? तुम्ही परके, तुमचा चेहरा मला रोज बघावा लागणार नाही, म्हणून असेल. माझं मलाच कळत नाही.

असू दे. पंधराचीच बांधते. नाही, चाळीसची देणार नाही, कितीही वेळ उभे राहा. रिळं उद्या भरून ठेवते, तुमच्या डोळ्यांदेखत मोजून —

थांबा. ते येतायत. ते काळे हात पुसत येणारे, तेच भाऊजी. या वेळेला खिळे-स्क्रू न्यायला येतात रोज, वहिनी म्हणतात, घेतात आणि जातात.

तुम्ही निघा आता. नाही, सामान राहू दे, उद्या या. जाताना दार ओढून घ्या. भाऊजी, स्क्रू नंतर घ्या. जरा बसा. त्या स्टुलावर नको — इकडे, माझ्यासमोर बसा.