तिसऱ्या रांगेचा युद्धकर

नाही हो, रीळ तुटलेलं नाही. मागच्या शुक्रवारी तुटलंय म्हणालो, त्याच्या आदल्या शुक्रवारी जोडायला दिलंय म्हणालो — ते तुम्हाला परत घालवायला. आता तुम्ही उन्हातून सायकल मारत तिसऱ्यांदा आलात, तर खोटं तरी किती बोलायचं. तुम्हाला परत न्यायचा तो जुना वार्तापट वर ऑपरेटरच्या खोलीत आहे, चांगला आहे — चांगला म्हणजे, चालतो. नवा डबा ठेवा इथं कट्ट्यावर. फक्त आत्ता वर जाऊ नका. वार्तापटच चाललाय, दहा मिनिटांचा तर असतो. तेवढं थांबा. स्टूल घ्या.

तुमचा काय दोष, तुम्ही डबे पोचवता, मी तिकिटं फाडतो. हे तिकीट बघा ना. पहिल्या वर्षी युद्धकर आला तेव्हा त्यावर कंसात ‘तात्पुरता’ असं छापलं होतं. दुसऱ्या वर्षी कर वाढला आणि कंस गेला. आता निम्मं तिकीट सिनेमाचं, निम्मं युद्धाचं. काडेपेटीवर कर आहे, साबणावर आहे, मयताच्या गाडीवर आहे. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे बंद, समोरच्या दवाखान्यात डॉक्टर कंदिलावर टाके घालतो — आणि आमचा पडदा बघा कसा लख्ख. का? दवाखाना कर देत नाही, आम्ही देतो. सोपं आहे. आणि वर बाल्कनीत कोण बसतं, ठाऊक आहे? बूटवाले. सरकारनं त्यांच्याकडून सैन्यासाठी बूट घेतले, बुटांचे पैसे द्यायला त्यांच्याकडूनच कर्ज काढलं, आणि त्या कर्जाचं व्याज भरतात आमच्या खालच्या रांगा. बूटवाले युद्ध थांबावं म्हणून नवस बोलतील होय? मालक म्हणतात, खिडकीत बसून असलं बोलू नकोस. मी कुठं बोलतोय.

वार्तापट का अडवला — तेच सांगतोय. एक बाई येतात. रोज येतात, तिन्ही खेळांना. तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची. वार्तापट बघतात आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत उठून बाहेर येतात, की लगेच पुढच्या खेळाचं तिकीट. डोअरकीपरला आधी वाटलं, डोकं फिरलंय. तसं नाही. त्या वार्तापटात त्यांचा मुलगा आहे. तो निवेदक म्हणतो ना, ‘तुम्ही दिलेलं प्रत्येक नाणं इथं पोचतं आहे’ — तिथंच. दोन पोरं गोळ्यांची पेटी उचलून आणतात, त्यातला डावीकडचा. कॅमेऱ्याकडे बघतो, हसतो, बाहीला नाक पुसतो आणि जातो. बस, एवढंच. डोअरकीपर सांगतो, त्या जागेला बाई दरवेळी हळूच म्हणतात, ‘बाहीला नको रे.’

फुकट? अहो, मालकांनी स्वतः सांगितलं, तिच्याकडून पैसे घेऊ नकोस. पण पासावरही युद्धकर लागतो आता, आणि तो चुकवला तर मालकांचा परवाना जातो. शिवाय ती ऐकायची नाही. तिकीट हातात घेते, शिक्का बघते, आणि विचारते, कर घेतलास ना? उगाच त्याच्या वाटचं राहायला नको. मी म्हणतो, घेतला बाई, घेतला. माझ्या पगारातले पैसे सकाळी मीच घरात ठेवतो, दिवसभरात तीनदा ह्या खिडकीतून परत माझ्याच हातात येतात, निम्मे मालकांचे, निम्मे —

हो. माझी बायको. कळलंच असेल तुम्हाला.

गेला तो. गेल्याचं कळलं त्यालाही आता बरेच दिवस झाले. वार्तापट इथं लागला त्याच आठवड्यात. हिलाही ठाऊक आहे, तिला काही लपवलेलं नाही. रडली, चार दिवस चूल पेटली नाही, पाचव्या दिवशी केस विंचरून इथं आली. मी म्हटलं, अगं, आता कसला कर. तर म्हणाली, पडद्यावर तर मागतायत ना त्याच्यासाठी. मागतायत, हे खरंच आहे.

आणि रीळ खरंच एकदा तुटलं होतं, ते खोटं नव्हतं. नेमकं तो मान वळवतो तिथं. ऑपरेटरनं जोडलं, पण जोडताना थोडं कापावं लागतं. मला तर फरकही कळला नाही. ही बाहेर आली आणि म्हणाली, आज कमी हसला. आता त्याच्या तोंडावरून एक उभी रेघही जाते. ऑपरेटर म्हणतो, जितकं चालवाल तितकं झिजणार. म्हणजे बघा — ती भरतेय आणि तो झिजतोय. मला रडू येत नाही. पहिले काही दिवस यायचं. आता नाणी मोजतो, शिक्का मारतो.

नव्यात काय आहे? दुसरी पोरं असतील. पेट्या त्याच असतील. त्यांच्या आया कुठल्या गावच्या थेटरात बसल्यात, कोण जाणे.

ऐका — भिंतीतून आवाज येतो. ‘प्रत्येक नाणं.’ आता मान वळवली. आता नाक पुसलं. झालं.

उठा. मागच्या लोखंडी जिन्यानं वर जा, डबा घ्या, ऑपरेटरला म्हणावं मी पाठवलंय. नवा तुम्हीच द्या त्याच्या हातात, माझ्याकडे नको. आणि उतरताना पुढून येऊ नका, तिला डबा दिसेल.

जा ना. ती आलीच.

ये. पुढच्या खेळाचं ना? एकच. घेतला, घेतला — हा बघ शिक्का.