सगळ्यात महाग तुकडा

(बोत्स्वाना. सेरोवे गावाजवळचं एक अंगण. तीन पायांच्या लोखंडी भांड्याखाली विस्तव.)

मामी : टाकलं म्हणजे टाकलं. आता काय उकळत्या भांड्यात हात घालणार आहेस?

ओतेंग : मामी, तो फिले आहे! अख्ख्या बैलातला सगळ्यात महाग तुकडा. तव्यावर दोन्ही बाजूंनी जरासा भाजायचा. आत गुलाबी राहिला पाहिजे.

मामा : गुलाबी म्हणजे कच्चा. आम्ही काय तरस आहोत?

ओतेंग : गाबोरोनमध्ये लोक मिटक्या मारत खातात, मामा.

मामा : काय भाव?

ओतेंग : किलोला दोनशे पुला.

मामी : अगं बाई! तेवढ्यात हाडासकट तीन किलो आलं असतं. वर शेजारणीला रस्सा.

मामा : असतो कुठं हा बैलाच्या अंगात?

ओतेंग : कण्याखाली, आतल्या बाजूला. तिथल्या मांसाला काही कामच पडत नाही, म्हणून इतकं मऊ.

मामा : म्हणजे जन्मभर बसून खाल्लं, आणि भाव सगळ्यात जास्त. तुझ्या ऑफिसात असे किती आहेत रे?

ओतेंग : हसा खुशाल. पण शनिवारी याल ना?

मामा : कुठं?

ओतेंग : माहीत आहे तुम्हाला. मासेगोच्या घरी, मागणी घालायला. मामाशिवाय गेलो तर तिचे लोक फाटकसुद्धा उघडणार नाहीत.

मामा : बढतीच्या जेवणाला बैल कापलास, तेव्हा चाललं की मामाशिवाय.

ओतेंग : आला होतात तुम्ही! पहिल्या रांगेत बसवलं होतं.

मामा : बसवलंस. खुर्चीला पांढरं कापड, मागं फीत बांधलेली. नवरीच वाटत होतो मी. आणि बैलाचं डोकं?

ओतेंग : जेवणाचं कंत्राट दिलं होतं, मामा. त्यांनी कत्तलखान्यातून साफ केलेलं मांस आणलं. डोकं तिकडंच राहिलं. माझ्या लक्षातच आलं नाही.

मामा : भाच्याच्या बैलाचं डोकं मामाच्या दारी येतं. मी माझ्या मामाकडं हातगाडीवरून नेलं होतं. मुद्दाम लांबच्या वाटेनं.

मामी : मी इथं मोठं भांडं घासून ठेवलेलं. येता-जाता बायका विचारायच्या, शिजलं का हो? काय सांगणार? पालथं घातलं शेवटी.

ओतेंग : म्हणून तर सगळ्यात महाग ते आणलं.

मामा : डोकं खाटकाकडं सगळ्यात स्वस्त मिळतं, पोरा.

मामी : आणि आलं असतं तर खाल्लं असतं कुणी? तोंडात दात चार, तेही एकमेकांशी न बोलणारे.

मामा : खायचं कोण म्हणतंय? जीभ या घरी पाठव, गाल त्या घरी पाठव, असं मी इथं बसून सांगणार होतो.

मामी : घ्या, शिजलं. नेहमीसारखं कुटायलाही नको, पळीनंच मोडलं.

मामा : हं.

ओतेंग : कसं आहे?

मामा : चव पाण्याची. हाड नाही, चरबी नाही. मीठ तेवढं हिचं लागतंय. दोनशे पुला!

ओतेंग : तव्यावर भाजलं असतं तर…

मामा : थांब, गिळू दे. अजून वाढ गं.

मामी : बघा, नावं ठेवून ठेवून ताट संपवलं.

मामा : जीभ म्हणते, पोराला लुबाडलं. हिरड्या म्हणतात, देव त्याचं भलं करो. कित्येक वर्षं मी मांस नुसतं चोखत होतो.

ओतेंग : मग दर महिन्याला आणतो की.

मामा : काही नको. तिच्या बापाला द्यायला गुरं लागतील, ती जमव. किती वाजता निघायचं?

ओतेंग : शनिवारी? अंधारातच. उजाडायच्या आत फाटकाशी पोचायला हवं. म्हणजे… येताय?

मामा : कोटाशिवाय बसू देत नाहीत तिथं. माझा कोट कुठाय गं?

मामी : उन्हात. काल तुम्हीच टाकायला सांगितलंत ना?

मामा : बरं, बरं. उरलेलं ताटात काढ. आधी पलीकडच्या म्हातारीला दे, मग नळाजवळच्या घरी.

मामी : अहो, मऊ आहे. राहू द्या ना तुम्हालाच उद्यापर्यंत.

मामा : ने. आणि वर झाकण नको.

मामी : विचारलं कुणी, हे बैलाचं काय म्हणून, तर?

मामा : सांग, भाच्यानं मामाचं होतं ते आणून दिलं.