अर्धा ओठ झोपलाय

हॅलो?

हो, मीच. तुझी ताईच बोलतेय… आवाज? आवाजाला काय झालंय?

अगं, तोंड बधिर आहे म्हणून. दाढ काढली ना दुपारी. इंजेक्शन दिलंय. अर्धा ओठ, अर्धी जीभ, सगळी मंडळी झोपलीयत.

…‘परत दाढ’ म्हणजे काय?

नाही. नाही गं! दाढ. खरीखुरी, तोंडातली.

हो, ठाऊक आहे. पीत होते तेव्हाही माझी दाढच दुखायची. तुझ्या हिशेबाने आजवर चाळीस तरी दाढा काढून झाल्या असतील माझ्या… पण ही खरी आहे, बाई! डॉक्टरांनी पुडीत बांधून दिलीय. आता फोनवरून कशी दाखवू?

बरं, म्हणते. घे परीक्षा. पण हा अन्याय आहे, आधीच सांगते… शटईला ताशणी… थांब, थांब… शतईला…

हसू नको.

हसत नाहीयेस? मग मीच हसते. अगं, रोज संध्याकाळी तुझा फोन, रोज तीच चटई, तीच टाचणी. वर्षभरात अडखळले का मी एकदा तरी? आज अर्धी जीभ माहेरी गेलीय, तिला कुठून आणू?

धाकटे, रडतेयस का? …मग धापा कसल्या? …बरं, नाही विचारत.

ऐक तर खरं, गंमत सांगते. मघाशी गिऱ्हाइकाचा पडदा घेतला दुमडायला. नेहमीसारख्या चार टाचण्या ओठांत धरल्या. धरल्या म्हणजे, मला वाटलं धरल्या! सगळ्या खाली. ओठाला पत्ताच नाही. मग एक टाचणी उचलून हळूच टोचून पाहिली… काही नाही! ओठ म्हणतो, मी इथे राहतच नाही. मग कॉफी केली. अर्धी पोटात, अर्धी पडद्यावर… धुतला गं, लगेच धुतला. आणि आरशात हसून पाहिलं तर तोंड एकाच बाजूने हसतं. दुसरी बाजू आपल्या थोरल्या आत्यासारखी. कुणाचंच काही न पटलेली…

वेड नाही लागलं मला. बघावंसं वाटलं, एवढंच. पूर्वी कुठे काय बघावंसं वाटायचं? नुसती संध्याकाळ व्हायची घाई.

काय म्हणालीस?

…रविवारचं राहू दे?

अगं, असं नको ना करू. तुझी नात आहे, मान्य. पण पहिल्यांदाच ठेवणार होतीस तिला माझ्याकडे, दिवसभर. बटणांचे डबे वरच्या फळीवर गेलेत. कात्र्या कुलपात. मशीनखालचा कोपरा घासून पुसलाय. स्वतः रांगून पाहिलं मी घरभर, तिच्या हाताला काय काय लागेल ते. टेबलाच्या खालच्या बाजूला सुताराने पेन्सिलीने एक फूल काढलंय, माहितीय तुला? इतकी वर्षं त्यावर जेवतेय मी…

हो. पूर्वीही रांगायचे. बरोबर आहे तुझं. पण तेव्हा काही दिसायचं नाही.

नाही, चिडले नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि तुला तर मी पातेलंभर पोळलंय. तुझ्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं…

एवढंच ऐक, मग ठेव फोन. इतकी वर्षं मी हेच तर बाटलीतून विकत आणत होते ना? हे बधिर होणं. आज दाढेबरोबर वरकड मिळालं, तर दुपारपासून जीव टांगणीला. कधी उतरतंय, कधी उतरतंय! सारखा गाल चाचपतेय. जाग कुठून येईल, कडेने की मधून? आधी गरम कळेल की टोचलेलं? कॉफीचा दुसरा कप करून ठेवलाय, तेवढ्यासाठी…

थांब.

बोलू नको, थांब!

मुंग्या… ओठाच्या कोपऱ्यात मुंग्या! कडेने आल्या गं, कडेने! टाचणी कुठे गेली… ही… आई गं!

टोचली! अगं, टोचली! चटईला टाचणी तोचली! ऐकलंस? एकच शब्द लंगडला शेवटी. परत म्हणते, चटईला…

हॅलो? बोल ना काहीतरी.

आणि तुझा आवाज दोनदा का येतोय? एक फोनमधून आणि एक… जिन्यातून?

तू जिन्यात आहेस? म्हणून त्या धापा! माझा पहिला शब्द ऐकलास आणि निघालीस होय गं चप्पल घालून… वास घ्यायला?

ये. अगं, ये, मला राग नाही. लवंगेच्या तेलाचा येईल. कॉफीचा येईल. हवं तितकं हुंग.

…हे कोण कुरकुरतंय?

तिलाही आणलंस? …घरी कुणीच नव्हतं होय.

दार नुसतं लोटलेलं आहे, ढकल पायाने. दाढ टेबलावर आहे, पुडीत, ती नंतर बघ. आधी तिला इकडे दे… दे गं, घट्ट धरते. फोन ठेव आता, समोरासमोर उभ्या राहून काय हॅलो हॅलो करतेस! तिच्या गालावर ओठ टेकवून बघायचेत मला. अर्धा गाल कळतो की अख्खा…