माय, मी फिट झालो

आमी मूळचे राजुऱ्याकडले, मायबापानं दुसऱ्याच्या वावरात जिंदगी काढली, म्हून मी ऊर्जानगरात बिजलीच्या कारखान्यात लागलो तवा मायनं अख्ख्या गावात सांगतलं का पोरगा सरकारी झाला. सरकारी कायचा बाई, ठेकेदाराचा मानूस. कोळशाच्या पट्ट्यावर काम करतो. ठेका बदलला का आमचा गेटपास बंद, मंग नव्या ठेकेदारानं ठेवलं तर ठेवलं.

तुमी लिहून घेऊन राह्यल्या म्हून बस येईपर्यंत सांगतो, ठेका बदलाची नुसती गोष्ट निघाली का माही छाती धडधडते. सकाळी गेटवर कार्ड लावतो ना, हिरवा दिवा लागेपर्यंत श्वासच घेत नाई मी. आधी वाटे ग्यास होय. आमच्याकडं सगळ्याइले ग्यासच होते, सोडा प्यायचा न कामाले लागायचं. एक दिवस डावा हात भरून आला तवा बायकोनं धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे भाऊ, ग्यास नोहे, दिलाचं हाय, बीपी बी वाढली हाय, गोळ्या घ्या न टेन्शन घेऊ नका. म्या म्हणलं साहेब, मी कुठी घेतो, ते गेटवर भेटते.

गोळ्या खर्र्याच्या, म्हंजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, पन्नीत ठेवतो. खर्रा सुटला, पन्नी नाई सुटली, काऊन का खिशातली पन्नी पाहून कोनी विचारत नाई. नव्या पासाआधी मेडिकल होते न, बीपी जास्त निघाली का अनफिट, संगच्या एका भाऊले असंच घरी बसवलं. आन दंडाले पट्टा बांधला का भेवानंच बीपी चढते. म्हून मागच्या मेडिकलले म्या सकाळची न सांजची गोळी संगच गिळली. रांगेत डोळ्यापुढं अंधारी आली, भिंत धरून उभा होतो, पन मशीननं बरोबर दाखवलं. मायले फोन लावला, म्हणलं माय, मी फिट झालो. तिकडं ते रडाले लागली, फिट आली म्हणते, कांदा हुंगवा माह्या लेकराले, कांदा. म्या म्हणलं आली नाई वं, झालो. संगचे सगळे हासले, मी बी हासलो, पन भिंत नाई सोडली.

आता परत ठेका बदलून राह्यला. सोमवारी मेडिकल हाय. काल पट्ट्यावर परत हात भरून आला, बायकोले बी नाई सांगतलं, तुमालेच सांगून राह्यलो. बायको म्हणते जीव राह्यला तर भाकर भेटन, मी म्हणतो भाकर गेली तर जीव कायच्यावर राह्यन. भेव लागते बाई, दोन्हीकडून लागते.

लिहा सगळं, पन माहं नाव नका टाकू, नावानंच पास निघते. सोमवारी मायचा फोन येईन, तिले मी फिटच सांगन. बरं, बस आली. जय भीम बाई, तब्येत सांभाळा.