नवाम्होरं दोन शून्यं

१९७८ची गोष्ट. कराडच्या स्टँडवर फलटणची एस.टी. लागायची होती. शेजारच्या बाकावर ऊसवाले गुंडातात्या आणि साखर कारखान्यातला कारकून बाळासो बोलत होते.

"बाळासो, ऊस नोंदवायला मी पहाटंपासनं रांगेत हुबा. माझा नंबर नऊ. आमचा थोरला भाऊ हंबीरराव जेवूनखावून आला, त्येचा शंभर. मग तोडीच्या यादीत त्यो तिसरा आन मी नव्वदावा कसा रं?"

"आवं तात्या, औंदा यादी पुण्यात मशीनवर लावून आणलीया."

"मशीनला मोजता येत न्हाई व्हय?"

"त्ये नंबर मोजत न्हाई, नाव वाचल्यावाणी वाचतंय. पयला आकडा बघतंय. एक, मग धा, मग शंभर. एकानं सुरू हुणारं समदं आदी. मग दोनाचं. नवाची पाळी पार शेवटाला."

"हंबीररावाच्या फडात तोडीची टोळी शिरली बी. हितं माझ्या उसाला तुरं आलं, वजन घटाय लागलं!"

"उद्या नीट करतो. शंभराच्या आतल्या नंबरांम्होरं शून्यं लावायची. समदे तीन आकडी झाले की मशीन बरोबर लावतंय. तुमच्या नवाम्होरं दोन शून्यं."

"आन हंबीररावाच्या नंबराला?"

"त्येला कायबी नको."

"का? शून्यं मलाच का?"

"त्येच्या शंभरात दोन शून्यं हायती की आदीच."

"असणारच! ल्हानपणापासनं बघतुया, त्येच्याकडं समदं आदीच असतंय."