बिनछताची केबिन

त्र्यंबकराव : दार लोटून घ्या, एमाबाई. नको, नको, उघडंच राहू दे. लावलं तर लोक काय म्हणतील आणि उघडं ठेवलं तर काय ऐकतील! अर्धं ठेवा.

एमा : स्प्रिंगचं दार आहे ते, साहेब. अर्धं राहत नाही. पाय लावून उभी राहू काय?

त्र्यंबकराव : बसा. वही उघडा. मी मधूनमधून मोठ्यानं पत्र सांगतो, तुम्ही लिहिल्यासारखं करा. डिअर सर, विथ रेफरन्स टू युअर लेटर... आत्ता हसले कशाला सगळे?

एमा : मला काय ठाऊक? मी आत येत होते.

त्र्यंबकराव : म्हणजे तुम्ही उठलात आणि ते हसले. तुम्हाला हसले की मला?

एमा : जेवणाची सुट्टी आहे, साहेब. माणसं हसतात.

त्र्यंबकराव : मला साहेब म्हणू नका हो. साहेब ते वर बसतात, कोटवाले. मी साधा हेडक्लार्क. पूर्वी तुम्ही सगळे त्र्यंबकराव म्हणायचात.

एमा : पूर्वी तुम्ही बाहेर बसायचे.

त्र्यंबकराव : बाहेरच आहे की मी! या चार फळ्या काय ठोकल्या सुताराने, त्यासुद्धा छतापर्यंत नेल्या नाहीत. मध्येच लाकूड संपलं म्हणे. वरून सगळं मोकळं. तुम्ही तिकडे शिंकलात तर मी इकडे ‘शतायुषी व्हा’ म्हणतो.

एमा : तेच तर झालंय ना.

त्र्यंबकराव : काय झालंय? बोला. मी त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला. काल बोलावलं, परवा बोलावलं, तुम्ही नुसत्या ‘काही नाही, काही नाही’ करता. वुई आर इन रिसीट ऑफ युअर एस्टीम्ड... मला पंगतीतून का उठवलंत तुम्ही लोकांनी?

एमा : कोणी उठवलं? तुम्हीच आत आले. सगळ्यांना पेढे वाटून आले.

त्र्यंबकराव : खोली मागितली मी, नाही म्हणत नाही. गोरा मॅनेजर होता तेव्हापासून मागत होतो. हिशेबाला बसावं तर एकीकडून तो बाळ नाटकातली पदं आळवतोय, दुसरीकडून गोपीनाथ रंगाच्या डब्यांवर ताल धरतोय. घरी गेलं की आमची ही, मंदाकिनी, विचारायची, मिळाली का हो खोली? मिळाली तेव्हा विचारायला ती राहिली नव्हती. पण मी खोली कामाला मागितली होती, एमाबाई. जेवायला नव्हती मागितली.

एमा : मग जेवायला बाहेर यायचं होतं.

त्र्यंबकराव : आलो की! पहिल्याच दिवशी डबा घेऊन आलो. सगळे उभे राहिले. कशाला? इतकी वर्षं मी आलो की कुणी मान वर करीत नव्हतं. गोपीनाथ तर पाय लांब करून म्हणायचा, या म्हातारबुवा, आज लोणचं कसलं? त्या दिवशी म्हणाला, साहेब, काही हवंय का? काय सांगणार? पाणी हवंय म्हणालो आणि ग्लास घेऊन परत आलो.

एमा : आम्हाला वाटलं, खरंच पाणी हवं.

त्र्यंबकराव : हातात डबा होता हो माझ्या!

एमा : हळू. बाहेर जाईल.

त्र्यंबकराव : प्लीज नोट दॅट द गुड्स... तुमच्या सुकटीच्या दिवशीसुद्धा मी कधी उठून गेलो नाही. गेलो का?

एमा : नाही. नाक धरून बसायचे, पण बसायचे.

त्र्यंबकराव : मग? आता काय नडलंय? पूर्वी मोठमोठ्यानं बोलायचात. हल्ली नुसतं कुजबुजता. कुजबुज, कुजबुज, आणि मग एकदम हसू. माणसाला वेड लागेल.

एमा : बोलू काय? रागवणार नाही?

त्र्यंबकराव : रागवायचं त्राण नाही माझ्यात. बोला.

एमा : तुम्ही बाहेर बसायचे तेव्हा तुमचं तोंड दिसायचं आम्हाला. चष्मा वर गेला की समजायचं, ऐकतात. मग आम्ही विषय बदलायचो. चष्मा खाली असला की काय पण बोला, हिशेबात आहेत. आता तुम्ही दिसत नाही. आम्हाला वाटतं, सारखे ऐकतात.

त्र्यंबकराव : एवढंच?

एमा : एवढंच कसं? गोपीनाथची रजा विसरले काय?

त्र्यंबकराव : ते मी केलं नाही! शपथ घेऊन सांगतो, ते मी केलं नाही.

एमा : पोट दुखतं म्हणून त्याने रजा घेतली. कल्याणला गेलेला, बहिणीला बघायला येणार होते ती माणसं आणायला. दुसऱ्या दिवशी इथे टेबलाशी बसून आम्हाला सगळं सांगितलं त्याने, हसून हसून. आणि संध्याकाळी वरून मेमो. पगार कापला, वर ताकीद. सांगितलं कोणी?

त्र्यंबकराव : साहेबांच्या ड्रायव्हरने. त्याने गोपीनाथला कल्याणच्या बाजारात पाहिलं होतं, हार विकत घेताना. साहेबांनी मला वर बोलावलं, विचारलं, हे खरं का? मी म्हणालो, मला माहीत नाही.

एमा : पण माहीत होतं तुम्हाला.

त्र्यंबकराव : होतं. सगळं ऐकलं होतं. हारसुद्धा ऐकला होता. कान आहेत हो मला, ते का मी घरी ठेवून येऊ? तरी म्हणालो, माहीत नाही. साहेबांशी खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा, तेही गोपीनाथपायी.

एमा : मग त्याला सांगितलं का नाही?

त्र्यंबकराव : काय सांगू? ‘गोपीनाथ, मी तुझं सगळं ऐकलं होतं, पण चहाडी केली नाही’? कोण विश्वास ठेवेल? तुम्ही ठेवता?

एमा : मी ठेवते. पण मी एकटीने ठेवून काय उपयोग?

त्र्यंबकराव : म्हणून मग मी त्या दिवसापासून... हसू नका हं.

एमा : नाही हसत.

त्र्यंबकराव : सुट्टीची घंटा झाली की कानांत कापूस घालतो. हे बघा, खणात पुडी आहे. तुम्ही येणार म्हणून आत्ता काढला. एकही शब्द ऐकायचा नाही, असं ठरवलं. उद्या कुणी म्हणालंच, तर देवापुढे सांगता यावं की मी काही ऐकलं नाही. शब्द येत नाहीत आत. हसू मात्र येतं. कापसातूनसुद्धा येतं.

एमा : रोज घालता? शनिवारी पण घातलेला?

त्र्यंबकराव : रोज. का हो? अशा का बघता?

एमा : जेजू रे! शनिवारी गोपीनाथ तुमच्या दाराशी उभा होता. बहिणीचं ठरलं, शकूचं. लाडू आणलेले त्याने. मीच त्याच्या मागे लागले, शुभ काम आहे, म्हाताऱ्या माणसाला सोडू नको, झालं गेलं टाकून दे. तो तयार होत नव्हता. मग उठला, लाडू घेऊन इथे फळीपाशी आला आणि हाक मारली, ‘त्र्यंबकराव, या बाहेर, तोंड गोड करा.’ साहेब नाही बोलला. त्र्यंबकराव बोलला.

त्र्यंबकराव : त्र्यंबकराव म्हणाला?

एमा : दोनदा. मग तिसऱ्यांदा. तुम्ही आत पान उलटलं त्याचा पण आवाज आला बाहेर. पण ओ नाही दिली.

त्र्यंबकराव : मी... मी खतावणी बघत होतो. शकूचं ठरलं? ती लहानगी? परकराचा ओचा सांभाळत भावाचा विसरलेला डबा घेऊन यायची, ती?

एमा : तीच. तो लाडू घेऊन परत आला. मग बाळने तो खाल्ला.

त्र्यंबकराव : मग जातो मी आत्ता. सांगतो, ऐकू आलं नाही.

एमा : मी सांगितलं ते. ऐकू आलं नसेल, बोलले. तो काय बोलला ठाऊक आहे? ‘माझी रजा बरी ऐकू आली.’

त्र्यंबकराव : कापूस दाखवतो त्याला. ही पुडी नेऊन टेबलावर ठेवतो.

एमा : ठेवा. मग तो विचारेल, कापूस कशाला लागतो? त्याआधी रोज ऐकत होते म्हणून ना?

त्र्यंबकराव : म्हणजे ऐकलं तरी मी चोर, नाही ऐकलं तरी मीच चोर. फळ्या काढून टाकतो. अर्ज लिहितो साहेबांना, नको मला ही खोली.

एमा : इतकी वर्षं मागितली आणि आता नको? साहेब बोलतील, हेडक्लार्क भ्रमिष्ट झाला. वेळेआधी घरी बसवतील.

त्र्यंबकराव : घरी? डोंबिवलीला? तिथे भिंतीच आहेत, एमाबाई. भांडीवाली सकाळी एक शब्द टाकते, ‘येते’, आणि जाते. कचेरी उघडायच्या आधी येऊन मी पायरीवर का बसायचो? कामाची हौस होती म्हणून? इथे आलं की माणसांचे आवाज कानावर पडायचे. आणि मी मूर्ख, त्याच आवाजांच्या विरुद्ध अर्ज करीत बसलो. आता तुम्ही एकट्या उरलात. तुम्ही येऊन बसता घटकाभर, तेवढाच...

एमा : तेच बोलायला आले आज.

त्र्यंबकराव : काय?

एमा : मला आत बोलावू नका.

त्र्यंबकराव : का?

एमा : तुम्ही रोज बोलावता. मी रोज येते. बाहेर त्यांना वाटतं, मी त्यांचं बोलणं तुम्हाला पोचवते. आता मी टेबलाशी गेले की कुजबुज पण थांबते. काल माझ्या डब्याला कोणी हात लावला नाही. गोपीनाथने पण नाही. आईने त्याच्यासाठी जास्तीचं दिलेलं, तसंच परत नेलं मी कोपरीला. आईने विचारलं तर खोटं बोलले, बोलले तो आला नव्हता.

त्र्यंबकराव : माझ्यामुळे?

एमा : पप्पा गेल्यापासून घरात मी एकटी कमावते. ही नोकरी सोडून मी कुठे जाऊ? आणि इथे राहायचं तर ह्या माणसांत राहायचं ना? तुमच्यासारखं एकटं बसून मी नाही जगू शकत, त्र्यंबकराव. माफ करा. काय असेल ते शिपायाबरोबर पाठवा, मी टाइप करून देईन.

त्र्यंबकराव : रडू नका. अहो, रडू नका. बरोबर आहे तुमचं. तुम्ही नुसत्या यायच्या बंद झालात, तर ते मानतील?

एमा : ठाऊक नाही. लगेच नाही मानणार.

त्र्यंबकराव : नाही मानणार. आज येथून निमूट बाहेर गेलात तरी म्हणतील, पोचवून आली. उभ्या राहा बघू. वही घ्या. आता मी जे बोलेन ते मनाला लावून घेऊ नका.

एमा : काय बोलणार तुम्ही?

त्र्यंबकराव : हे काय टाइप केलंय? हे पत्र आहे की पोरखेळ? डोळे फुटलेत का?

एमा : त्र्यंबकराव...

त्र्यंबकराव : साहेब म्हणायचं! ही कचेरी आहे, तुमचं घर नव्हे. आणि चार दिवस झाले, मी एक साधी गोष्ट विचारतोय, बाहेर लोक काय बोलतात ते, तर तोंडाला कुलूप! त्यांचीच बाजू घ्यायची असेल तर त्यांच्यातच जाऊन बसा. अशी टायपिस्ट नको मला. या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, समजलं? व्हा चालत्या!

(केबिनच्या बाहेर, लांब टेबलापाशी.)

गोपीनाथ : एमा, ए एमा, इकडे ये. अगं डोळे पूस आधी. मारलं-बिरलं नाही ना म्हाताऱ्याने?

एमा : नाही.

गोपीनाथ : सगळं ऐकलं आम्ही. तुझ्याकडून काढून घ्यायला बघत होता आणि तू बोलली नाहीस. आणि आम्ही इथे तुझ्यावरच संशय घेऊन बसलेलो. चुकलं गं. बाळ, ते पाणी दे इकडे. पी.

एमा : गोपीनाथ, ते वाईट नाहीत.

गोपीनाथ : बरं, बरं. तू साधी आहेस, तुला सगळेच चांगले. एवढं बोलला तुला, वर त्याचीच बाजू घेतेस? डबा उघड. काय दिलंय आईने?

एमा : सुकट. तुझ्यासाठी वेगळी दिली.

गोपीनाथ : मग वाट कसली बघतेस? बस खाली. तिकडे कोपऱ्यात नको, ये अशी माझ्या बाजूला.

एमा : ती त्र्यंबकरावांची जागा आहे.

गोपीनाथ : बस गं. रिकामीच असते ती.